आठ महिने भाजक्या मातीचं सिमेंट: शुद्ध मातीनेच माल आटवला

मागच्या महिन्यात चाळीस झाकणं फोडून टाकावी लागली, म्हणून हे लिहितोय.

मालवणच्या बाजूला माझा गटाराची झाकणं आणि कुंपणाचे खांब ओतायचा छोटा कारखाना आहे. आठ महिने एलसी३ वापरतोय, म्हणजे भाजलेली माती आणि चुनखडी मिसळलेलं सिमेंट. त्यात निम्मं क्लिंकर (नेहमीच्या सिमेंटचा भट्टीत भाजलेला मुख्य घटक), ३० टक्के भाजलेली माती, १५ टक्के चुनखडी, बाकी जिप्सम. इथल्या खाऱ्या हवेतलं क्लोराइड (मिठातलं, सळई गंजवणारं) ते सळईपर्यंत सहज पोचू देत नाही, एवढ्यासाठी मी याच्याकडे वळलो आणि त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार एकच: माल आटतो. पहिली दहा मिनिटं लोण्यासारखा असतो, पंचविसाव्या मिनिटाला घमेल्यातून खरवडून काढावा लागतो. मग पोरं नजर चुकवून पाणी मारतात. ती चाळीस झाकणं त्या पाण्यानेच गेली. अ‍ॅडमिक्स्चरचा, म्हणजे जास्त पाणी न घालता माल हलता ठेवणाऱ्या रसायनाचा, डोस दीडपट झाला, आणि त्या कॅनचा भाव बघून जीव तुटतो.

आधी मी अ‍ॅडमिक्स्चरवाल्याशीच भांडलो. ते चुकलं. जुन्या आणि नव्या लॉटची पोती शेजारी फोडल्यावर डोळे उघडले: जुनं सिमेंट तांबूस, नवं फिकट. सिमेंटवाल्याच्या मागे लागून कच्च्या मातीचे रिपोर्ट मागवले. जुन्या मातीत केओलिनाइट (भाजल्यावर कामाला येणारं मातीतलं खनिज) ४५ टक्के, नवीत ७०.

विक्रेता म्हणे, शुद्ध म्हणजे चांगली. केओलिनाइट ७०० ते ८५० अंशांना भाजलं की त्यातलं बांधलेलं पाणी जातं आणि ते सिमेंटशी जोरात प्रक्रिया करतं, हे खरं. पण त्याचे कण बारीक, पापुद्र्यासारखे. जेवढं केओलिनाइट जास्त, तेवढं पाणी आणि अ‍ॅडमिक्स्चर ते पितं. आणि ताकदीला ४० टक्क्यांच्या वर केओलिनाइट असलेली मातीही पुरते. माझ्या २८ दिवसांच्या क्यूबची (चाचणीसाठी ओतलेल्या ठोकळ्यांची) ताकद जुन्या लॉटची ३८, नव्याची ४० मेगापास्कल. या दोनासाठी एवढा खर्च? तांबडा रंग लोहाचा असतो, तो दोष नव्हे.

सोलापूरकडच्या मित्राने विचारलं, आमची काळी माती भाजून चालेल का? तिच्यात मुख्यतः मॉन्टमोरिलोनाइट हे वेगळं खनिज, ते भाजूनही केओलिनाइटइतकं काम करत नाही.

आता फक्त तांबडा लॉट मागवतो, मिक्सर अर्धाच भरतो, अर्धं अ‍ॅडमिक्स्चर माल साच्यात ओतायच्या आधी घालतो. पस्तीस मिनिटं माल हलता राहतो. फिकट लॉट पोत्यामागे १५ रुपयांनी महाग होता. तो फरक परत मागितलाय, अजून उत्तर नाही.