काळ्या मातीवर दुमजली घर: रॅफ्ट, अंडर-रीम्ड पाइल की मुरमापर्यंत फुटिंग?

‘माती खराब आहे, रॅफ्टच टाका.’ सोलापूर, लातूर, परभणीकडे घर बांधायला काढलं की हा सल्ला फुकट मिळतो. रॅफ्ट म्हणजे अख्ख्या घराखाली टाकलेला काँक्रीटचा एकसंध जाड स्लॅब. पण खराब माती दोन तऱ्हेची असते. बुजवलेली विहीर, जुनी खाण, नाल्याकाठचा गाळ ही माती दबते. काळी माती फुगते आणि आकसते. रॅफ्ट हा मुळात दबणाऱ्या जमिनीवरचा इलाज आहे. फुगणाऱ्या जमिनीवर हलकं घर असेल, तर तो तीन पर्यायांतला सहसा सर्वांत महाग आणि सर्वांत कमी खात्रीचा ठरतो.

आधी दोन गोष्टी हातात हव्यात. पहिली, मुरूम किती खोल आहे. प्लॉटच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांत 3 मीटरचे खड्डे घेतले तर बहुतेक उत्तर मिळतं. दुसरी, माती किती फुगते. चाचणी साधी आहे: 425 मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली कोरडी माती 10-10 ग्रॅम दोन मोजपात्रांत घ्यायची, एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल ओतायचं आणि 24 तास ठेवायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. तिथे 10 मिलिलीटर आणि पाण्यात 18 मिलिलीटर भरली, तर फुगवटा 80 टक्के. 50 च्या आत आकडा असेल तर फारशी चिंता नाही. 100 च्या वर गेला तर पुढचं सगळं गांभीर्याने घ्या.

मुरूम दोन-सव्वादोन मीटरवर असेल, तर डोकं चालवायची गरजच नाही. काळी माती ओलांडून प्रत्येक कॉलमचं सुटं फुटिंग (कॉलमखालचा रुंद काँक्रीटचा पाया) मुरमात किमान 150 मिमी रुतवून बसवा. कठीण मुरमावर चौरस मीटरला 20 टन भार सहज धरतात, म्हणजे 40 टनांच्या कॉलमला दीड बाय दीड मीटरचं फुटिंग पुरतं. इथे बिघडतं ते भरावात. खड्ड्यातून निघालेली काळी मातीच परत कॉलमभोवती लोटली जाते. पाऊस पडला की ती कॉलमला आणि जोत्याच्या बीमला वर ढकलते. भराव मुरमाचाच, 200 मिमीच्या थरांनी, पाणी मारून ठोकलेला.

मुरूम साडेतीन-चार मीटरच्या खाली गेला, की उघडे खड्डे परवडत नाहीत आणि त्यांच्या कडा ढासळतात. तिथे अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत भोक पाडून ओतलेला, खाली फुग्यासारखा रुंद केलेला काँक्रीटचा खांब. ही पद्धत रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने याच मातीसाठी विकसित केली. जमिनीतला ओलावा ऋतूंप्रमाणे बदलतो तो साधारण साडेतीन मीटरपर्यंत. त्याखाली पाइलचा फुगा अडकवला की वरची माती कितीही हलो, घर जागेवर राहतं. फुग्याचा व्यास दांड्याच्या अडीचपट. 375 मिमी दांडा आणि दोन फुगे असलेल्या पाइलला आयएस (भारतीय मानक) 2911 च्या तक्त्याप्रमाणे 36 टन, एका फुग्याला 24 टन धरतात. अर्थात हे आकडे सुरुवातीच्या हिशोबाचे. अंतिम भार मातीच्या अहवालावरून ठरतो.

यात लक्ष ठेवायच्या जागा मोजक्या, पण निर्णायक. ऑगरने (मातीत भोक पाडणारं गिरमिट) भोक झाल्यावर अंडर-रीमरची, म्हणजे फुगा कोरणाऱ्या अवजाराची, पाती पूर्ण उघडली का, हे वर आलेल्या मातीवरून कळतं. बादल्या कमी भरल्या तर फुगा झालेलाच नाही. भोक रात्रभर उघडं ठेवू नका, तळाशी माती गळते. पिंजऱ्याच्या सळया पूर्ण लांबीच्या हव्यात, कारण फुगणारी माती दांड्याला वर ओढते. आणि सर्वांत जास्त हुकणारी गोष्ट: ग्रेड बीमखाली (पाइलची डोकी जोडणारा बीम) किमान 80 मिमी पोकळी. सेंट्रिंगवाले बीमखाली माती भरून त्यावर थेट काँक्रीट ओततात. मग तीच माती बीम उचलते आणि पाइलवर केलेला सगळा खर्च वाया जातो.

आता रॅफ्ट. 10 बाय 12 मीटरच्या दुमजली घराचा भार रॅफ्टसकट चौरस मीटरला अडीच-तीन टन येतो. जोरात फुगणाऱ्या काळ्या मातीचा दाब 10 टन आणि त्यावर जातो. रॅफ्टचा मोठा गुण, भार पसरवणं, इथे उलटा पडतो, कारण मातीला दाबून ठेवायला वजनच उरत नाही. शिवाय माती सगळीकडे सारखी फुगत नाही. पावसाळ्यात पाणी कडेने शिरतं, कडा उचलल्या जातात. उन्हाळ्यात कडा आकसतात आणि मध्य, जिथून वाफ निघायला वाट नाही, ओलाच राहतो. दरवर्षी रॅफ्ट असा दोन्ही बाजूंनी वाकतो. सपाट 300 मिमी रॅफ्ट हे फार काळ सोसत नाही; बीमसकट ताठ रॅफ्ट लागतो, म्हणजे खर्च आणखी वर.

खर्चाचा अंदाज काँक्रीटवरून घ्या, 12 कॉलम धरून. सपाट 300 मिमी रॅफ्टला 36 घनमीटर, म्हणजे पावणेतेरा ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट), आणि तीन-सव्वातीन टन लोखंड. पाच मीटरचे 15 पाइल आणि ग्रेड बीम मिळून आठ ब्रासच्या आसपास. मुरमापर्यंतची फुटिंगं आणि जोत्याचे बीम सात ब्रास, पण खोदाई 35-40 ब्रास.

मग रॅफ्ट कुठे? भराव असलेल्या, कुठे मऊ कुठे घट्ट अशा प्लॉटवर, किंवा फुटिंगांचं एकूण क्षेत्र घराच्या निम्म्याहून जास्त होऊ लागलं तर. आयएस 1904 चिकणमातीवर सुट्या फुटिंगला 75 मिमी बसण्याची मुभा देतं, रॅफ्टला 100, कारण रॅफ्ट घराला एकत्र धरून बसतो. मात्र अर्धा रॅफ्ट खडकावर आणि अर्धा भरावावर असं कधीही नको. सीमेवर तो मोडतोच. खडक 300 मिमी फोडून तिथे वाळू-मुरमाची गादी द्या. माती तपासायचं बोअरही खोल हवं: रॅफ्टचा दाब रुंदीच्या दीडपट खोल जाणवतो, म्हणजे 10 मीटरच्या घराला 15 मीटर.

रॅफ्ट म्हणजे उलटा स्लॅब हे बारबेंडरला आधीच सांगा. जाड लोखंड कॉलमखाली तळात आणि दोन कॉलमच्या मध्ये वर. वरची जाळी चेअरवर (जाळी उचलून धरणाऱ्या वाकवलेल्या सळया), दर मीटरला एक. चेअर कमी पडल्या की काँक्रीट टाकताना माणसांच्या पायांखाली जाळी 100 मिमी खाली जाते आणि नेमकी हवी तिथे राहत नाही. 36 घनमीटर म्हणजे सहा-सात ट्रान्झिट मिक्सर, एका दमात.

शेवटी एक खर्च जो कोटेशनमध्ये दिसत नाही. पाइल आणि फुटिंग घेतलं तरी तळमजल्याची फरशी काळ्या मातीवरच राहते, आणि कॉलम जागच्या जागी असतानाही फरशी मध्यभागी फुगते. घराखालची माती मीटरभर काढून न फुगणारा मुरूम ठोकून भरा. अशा न फुगणाऱ्या चिकट मातीच्या थराचं तंत्र आयआयटी मुंबईत आर. के. कट्टी यांनी मांडलं. ते जमत नसेल तर तळमजल्यालाही स्लॅब टाका. बाहेर दीड-दोन मीटरचा उतरता एप्रन (घराभोवतीची पक्की पट्टी) द्या, आणि सांडपाण्याचा पाइप, सेप्टिक टाकी व बाग त्याच्या पलीकडे ठेवा.