कोल्हा का खोकड?
आमच्या बारामती-इंदापूर साइडला माळावर कुत्र्यासारखं काहीपण पळालं की लोक 'कोल्हा' म्हणून मोकळे होतात, पण पुष्कळदा ते खोकड असतं. खोकड बारकं, जेमतेम 2-3 किलो, मोठ्या बोक्यापेक्षाही हलकं, कान मोठे आणि शेपूट झुपकेदार, टोकाला काळंभोर, पळताना ते काळं टोकच आधी नजरेत भरतं. कोल्हा 8-10 किलोचा, उंच, शेपूट त्यामानानं आखूड. उसात शिरला तर कोल्हाच धरा, खोकडाला उघडं माळरान लागतं, तिथंच बिळं करतं. आणि दिवस मावळला की एकानं सूर लावल्यावर बाकीचे सुरू होतात ना, ती कोल्हेकुई, खोकड तसं कोरसमध्ये गात नाही. तरी परवा टॉर्चमध्ये नुसते डोळे चमकले आणि मीपण फसलो, शेजाऱ्याचं कुत्रं निघालं.