रुग्णालय-नियोजन सल्ला सेवा: मुलुंडच्या ३० खाटांचा अनुभव

मुलुंडमधील आमच्या ३० खाटांच्या रुग्णालयाची इमारत पुनर्विकासाला गेली, तेव्हा नव्या जागेच्या आराखड्यासाठी आम्ही मुंबईतील एका रुग्णालय-नियोजन सल्लागार संस्थेची सेवा घेतली. पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारले की, जुन्या इमारतीत आजवर कोणकोणत्या भिंती फोडाव्या लागल्या. डायलिसिससाठी स्वच्छतागृह पाडले होते, आणि २०२० साली जनरल वॉर्डात ऑक्सिजनची पाइपलाइन नसल्यामुळे वॉर्डबॉय जंबो सिलिंडर जिन्यावरून चढवत होते. ते दृश्य मी विसरू शकत नाही.

नव्या आराखड्यात म्हणूनच प्रत्येक खाटेच्या उशाशी ऑक्सिजन आणि सक्शनची (रुग्णाचा स्राव ओढून घेण्याची) जोडणी आहे, आणि सर्व खाटा एकाच वेळी ऑक्सिजनवर गेल्या तरी दाब कमी पडू नये, अशा हिशेबाने नळ्यांचा व्यास ठरवला आहे. जिना, लिफ्ट आणि पाइपांचे शाफ्ट (उभे पोकळ मार्ग) कडेला घेतल्याने प्रत्येक मजल्याचा मधला भाग मोकळा राहिला. आतल्या भिंतींवर इमारतीचा भार नाही, त्यामुळे त्या पुढेमागे हलवता येतील. एक्स-रे कक्षाला लागून मुद्दाम रेकॉर्ड रूम आणि स्टोअर ठेवले आहे, कारण उद्या सीटी स्कॅन आणायचे ठरले, तर फक्त फायली आणि खोकी हलवावी लागतील.

पुढच्या बदलांसाठी आधीच वाव ठेवण्याचा हा विचार जुना आहे. लंडनच्या हॅरो भागातील, १९७० साली सुरू झालेल्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात वास्तुविशारद जॉन वीक्स यांनी मार्गिका रस्त्यासारखी मांडून इमारतींची टोके वाढीसाठी मोकळी ठेवली होती. मुंबईत आडवे वाढायला जमीन कुठून आणणार? येथे वाढ त्याच मजल्यात शोधावी लागते, आणि या संस्थेला ते नेमके कळते. खाटेच्या मापाच्या पट्ट्या जमिनीवर चिकटवून त्यांनी आमच्या सिस्टरना वळणावरून प्रत्यक्ष स्ट्रेचर न्यायला लावले. स्ट्रेचर दारात अडकल्यावर दार त्याच दिवशी आराखड्यात रुंद झाले.

एक चूक मात्र गंभीर होती. पहिल्या आराखड्यात जनरेटर आणि मुख्य विद्युत पॅनेल तळघरात दाखवले होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या शहरात हे आम्हाला सांगावे लागू नये. दोन्ही वर हलवले गेले; परंतु त्यात दोन महिने गेले आणि सुधारित नकाशांचे जादा शुल्क लावले, जे मला मान्य नव्हते.

सेवा घेणाऱ्या डॉक्टरांना माझा आग्रह आहे की, पाइप आणि वायरिंगचे अंतिम नकाशे संगणकावर दुरुस्त करता येतील अशा स्वरूपात मिळतील, हे करारातच लिहून घ्यावे. आम्हाला आधी फक्त कागदी प्रती मिळाल्या होत्या, आणि पंधरा वर्षांनी भिंत हलवणाऱ्या माणसाला त्या पुरणार नाहीत.