सायबर व्हॉलंटियरांचा फुकटातला क्लास, माझ्याकडून चार स्टार

बेळगावातल्या शहापुरात आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या हॉलमध्ये सायबर व्हॉलंटियर पोरापोरींनी क्लास ठेवलेला, त्याचा हा रिव्ह्यू. भाषण कमी आणि मोबाईल हातात घेऊन दाखवणं जास्त, हे झकास. लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर फाईल येते ना, तिच्या नावाच्या शेवटी बारीक अक्षरात एपीके, म्हणजे मोबाईलमध्ये ॲप घुसवणारी फाईल, असं लिहिलेलं असतंय, तिथंच बोट थांबवायचं, तर मागच्या रांगेतल्या काकू म्हणतात "अहो मग लग्नाला जायचं कसं?" सगळा हॉल हसला. पोलीस असल्याचं सोंग करून व्हिडिओ कॉलवर धमकावतात ते डिजिटल अरेस्ट नावाचं कायद्यात काही नाहीच, आणि पैसे गेले तर रडत न बसता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, जितका लवकर तितकी रक्कम अडकवता येण्याची आशा जास्त.

एस्टोनियात २००७ च्या सायबर हल्ल्यांनंतर आयटीवाल्यांची स्वयंसेवक तुकडीच डिफेन्स लीग या तिथल्या स्वयंसेवी संरक्षण दलात उभी राहिली म्हणे पोरं, आपल्याकडं केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आयफोरसी या सायबर गुन्हे रोखणाऱ्या केंद्राच्या पोर्टलवर व्हॉलंटियर म्हणून नाव नोंदवता येतं. नुसता बेकायदा मजकूर कळवायचा तर केवायसी नाही, जनजागृती करणारे नि एक्स्पर्ट यांना मात्र कागदपत्रं द्यावी लागतात. पगार शून्य, वर मंत्रालयाचं नाव लावून मिरवायचंही नाही. हा नियम मला तर फार पटला, नाहीतर इथं उद्या चौकाचौकात बॅनर लागतील!

एक स्टार कापला कारण स्लाइड सगळ्या इंग्लिश आणि कन्नडमध्ये, आमच्या आज्जीबाईंनी काय वाचायचं? पोरं तोंडी मराठीत सांगत होती म्हणून निभावलं. पुढच्या वेळी मराठी पत्रक छापा की ओ, झेरॉक्सचा खर्च मी देतो.