स्टायपेंडवर टर्बो : जुनी स्कोडा लॉरा १.८ टीएसआय, काही महिने वापरल्यावर

गेट परीक्षेवर एम. टेक.ला मिळणाऱ्या स्टायपेंडचे महिना १२,४०० रुपये आणि दाराशी १६० पीएसची टर्बो पेट्रोल. ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, "मायलेज किती देते?" तर तेच आधी सांगून टाकतो. पुण्यात लिटरला नऊ किलोमीटर, स्वारगेटच्या गर्दीत अडकली तर आठ, आणि एक्सप्रेसवेवर शंभरच्या मर्यादेत चालवली तर चौदा. एवढ्यावर ज्यांना निघायचं असेल त्यांनी खुशाल निघावं.

गाडी स्कोडा लॉरा, १.८ टीएसआय म्हणजे १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, सहा गिअरची मॅन्युअल, २०११ चं पासिंग, नंबर एमएच-२०, छत्रपती संभाजीनगरचा. म्हणजे तिथल्याच शेंद्र्याच्या कारखान्यात जुळली आणि आयुष्यभर तिकडेच फिरली. बाहेरच्या देशांत हीच दुसऱ्या पिढीची ऑक्टाव्हिया. आपल्याकडे पहिली ऑक्टाव्हिया अजून विकली जात होती म्हणून हिला लॉरा नाव मिळालं. एम. टेक.ला येण्याआधी दोन वर्षं नोकरी केली होती, त्यातले साडेतीन लाख शिल्लक होते. गाडी दोन लाख चाळीस हजारांना ठरवली आणि बाकीचे दुरुस्तीसाठी वेगळ्या खात्यात टाकले. त्या खात्याला दुसऱ्याच महिन्यात हात लागला.

या बजेटमध्ये लॉराच का? जुनी बीएमडब्ल्यू ३ सिरीज याच्या थोडं वर मिळते आणि चालवायला ती सरसच आहे, पण पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे महागडे रन-फ्लॅट टायर आणि डिकीत स्टेपनी नाही. आपल्या रस्त्यांवर एक टायर फाटला की दोन महिन्यांचा स्टायपेंड गेला. याच इंजिनाच्या बऱ्याच स्कोडा सुपर्ब सात स्पीड डीएसजीच्या, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या असतात. ड्राय क्लचचा तो गिअरबॉक्स २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी, म्हणजे फिरवणाऱ्या जोरासाठी बनवलेला, आणि हे इंजिन बरोबर तेवढाच टॉर्क देतं. त्याचं मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलणारा इलेक्ट्रॉनिक भाग, गेलं तर बिल गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतं. म्हणून मॅन्युअलच घ्यायची, यावर मी आजही ठाम आहे.

दुसरं म्हणजे व्हीआरएस या लॉराच्या स्पोर्टी अवताराच्या नादी लागायचं नाही. २०११ मध्ये आलेली लॉरा व्हीआरएस दिसायला देखणी, पण युरोपातल्या आरएसला दोन लिटरचं २०० पीएसचं इंजिन होतं आणि आपल्या व्हीआरएसला साध्या लॉराचंच १.८. ताकद तेवढीच, टॉर्क तेवढाच. फरक सतरा इंची चाकं, कडक सस्पेन्शन, सीट आणि बंपर-स्पॉयलरचा. विकणारे मात्र त्या तीन अक्षरांचे लाखभर जास्त सांगतात. ते लाख ज्यांच्याकडे आहेत त्यांनी द्यावेत. माझ्याकडे असते तरी मी ते चेन किटला दिले असते.

चेन किटचं प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवं, कारण या इंजिनात गाडी घ्यायची की सोडायची हे तिथेच ठरतं. व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारी जी टायमिंग चेन, ती ताणून धरणारा जो टेन्शनर आहे, त्याचं सुरुवातीचं डिझाइन कच्चं होतं. पुढे कंपनीनं ते बदललं. जुना टेन्शनर सैल पडला की चेन दात सोडते, पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड खोलावं लागतं. लक्षण एकच: रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू करताना पहिले दोन-तीन सेकंद डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज. इंजिन गरम असेल तर काहीच ऐकू येत नाही, आणि एजंट लोकांना हे पक्कं माहीत असतं.

मी पाहिलेली पहिली लॉरा काळी होती, चकचकीत पॉलिश केलेली. सोबत आलेल्या गॅरेजवाल्या काकांनी आधी बॉनेटवर तळहात ठेवला. एजंट म्हणाला, "आत्ताच धुवून आणली, म्हणून जरा चालवली." काका काही बोलले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "उद्या सकाळी येतो म्हणून सांग त्यांना. तोपर्यंत कोणी चावी फिरवायची नाही म्हणावं." दुसऱ्या दिवशी आम्ही सातला हजर, तर बॉनेट पुन्हा कोमट. चहासुद्धा न घेता निघालो.

पांढरी, म्हणजे माझी, एका डॉक्टरांच्या घरची. थंड इंजिनावर पाच वेळा बंद-चालू केली, आवाज नाही. मग काकांनी लॅपटॉप जोडून स्कॅन मारला आणि कॅमशाफ्टच्या कोनावरून चेन किती ताणली आहे ते पाहिलं. चेनच्या कव्हरवर खाली एक रबरी बूच असतं. ते काढून आत टॉर्च मारला की टेन्शनर जुना आहे की सुधारित ते दिसतं. जुनाच होता. "अजून चालेल, पण तू चालवू नको," एवढाच त्यांचा निकाल. भाव त्यावरच तुटला. डॉक्टरांनी तीस हजार सोडले, मी दुसऱ्या महिन्यात अडतीस हजार घालून चेन, टेन्शनर, गाइड सगळं बदलून घेतलं.

त्यानंतर वॉटर पंप. थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिकचं हाउसिंग त्याच्याच जोडीला बसवलेलं असतं आणि एवढ्या वर्षांच्या उष्णतेनं ते तडकतं. गुलाबी कूलंट सुकून त्याची पांढरट पापडी इंजिनाच्या बाजूला धरलेली दिसली की समजायचं. मोठ्या सर्व्हिस सेंटरनं सांगितलेला आकडा ऐकून मी पार्ट नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत शोधला आणि काकांकडे बसवला, जवळजवळ निम्म्यात. स्पार्क प्लगला वीज देणाऱ्या इग्निशन कॉइल चारही एकदम बदलल्या. पुढच्या सस्पेन्शनच्या लोअर आर्मचे बुश आणि लिंक रॉड आपल्या स्पीडब्रेकरनी खाल्लेच होते. इंजिन थोडं ऑइलही पितं, म्हणून दर रविवारी डिपस्टिक पाहतो आणि फोक्सवॅगनच्या ५०२०० स्पेसिफिकेशनच्या ५डब्ल्यू-४० ऑइलचा एक लिटरचा डबा डिकीत असतो. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जात असल्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि तिथे काजळी साचते. ती साफ करायचं काम अजून बाकी आहे.

इन्शुरन्सचा धक्का वेगळाच. १,५०० सीसीच्या वरच्या खासगी गाडीचा थर्ड पार्टी प्रीमियम २०२२ च्या दरपत्रकात ७,८९७ रुपये आहे, वर जीएसटी. मित्राच्या १.२ लिटर हॅचबॅकला तो ३,४१६. गाडी किती जुनी आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

आणि एवढं सगळं का करायचं? ताम्हिणी. मुळशी मागे टाकून रस्ता वळायला लागला की ही गाडी पंधरा वर्षांची आहे हे विसरायला होतं. टॉर्क १,५०० आरपीएमपासूनच मिळतो, त्यामुळे चढावर तिसरा गिअर टाकून ठेवला की बदलावा लागत नाही. मागे मल्टीलिंक सस्पेन्शन आहे, वळणात खड्डा लागला तरी शेपूट उडी मारत नाही. स्टीअरिंग हलकं आहे पण पोकळ नाही. ज्या दिवशी टाकीत जास्त ऑक्टेनचं महागडं पेट्रोल असतं त्या दिवशी तर फरक सरळ जाणवतो. साध्या पेट्रोलवर इंजिनातली ठोक ओळखणारा नॉक सेन्सर इग्निशनची वेळ मागे ओढतो आणि गाडी जराशी सुस्तावते. महिन्याच्या शेवटी मात्र मीही साधंच भरतो.

बाकी रोजचं. छताचं कापड लोंबायला लागलं होतं, ते नव्यानं चिकटवून घेतलं. सोसायटीच्या गेटवरच्या स्पीडब्रेकरला पोट घासतं, चौघं बसले की हमखास. डिकी मात्र ५६० लिटरची आणि मागची काच झाकणासकट वर उचलली जाते. खोली बदलताना माझं आणि रूममेटचं सामान, कूलरसकट, दोन खेपांत हललं. तेव्हापासून रूममेट पेट्रोलची वर्गणी कुरकुर न करता देतो.

२०११ ची घेणाऱ्यांनी एक बघा: आरसीची, म्हणजे नोंदणीची, पंधरा वर्षं यंदा भरताहेत. पुन्हा नोंदणीची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झाली आहे, शिवाय पर्यावरण कर आणि आरटीओत गाडी दाखवण्यापूर्वी टायर, दिवे, सायलेन्सर नीट करून घ्यायचा खर्च. त्यात गाडी दुसऱ्या जिल्ह्याची असेल तर एनओसी आणि ट्रान्सफरचे हेलपाटे. यंदा अचानक स्वस्त दिसणाऱ्या बऱ्याच लॉरांमागे हेच कारण आहे. विकणाऱ्याला नूतनीकरण करूनच द्या म्हणा. नाही म्हणाला तर ते सगळे पैसे भावातून कापून घ्या.