पाठ खरी, पोट खोटे

जानेवारी २०२५ मध्ये मुंबईहून लंडनला जाणाऱ्या विमानात जेवणाचे ट्रे उचलले गेल्यावर मी मनगटावरच्या घड्याळाची बेझल, म्हणजे काचेभोवतीचे आकडे असलेले फिरते कडे, अर्ध्या तासाने सरकवायला गेलो आणि ती सरकेना. ती एक तर पूर्ण तासभर पुढे जाऊन बसे, नाहीतर होती तिथे परत येई. पाचशेच नगांच्या मर्यादित आवृत्तीतले म्हणून दोन लाख नव्वद हजार रुपयांना घेतलेले ते घड्याळ खोटे आहे, हे मला अशा ठिकाणी कळले जिथून विकणाऱ्याला फोनसुद्धा करता येत नव्हता. माझ्यासारखे हौशी संग्राहक याच वाटेने जातात, म्हणून जे घडले ते क्रमाने लिहून ठेवत आहे. घड्याळ ज्या कंपनीचे म्हणून मला विकले गेले तिचे नाव मी लिहिणार नाही, कारण घड्याळ तिचे नव्हतेच. विकणाऱ्याचेही नाव लिहीत नाही, कारण प्रकरण पोलिसांकडे आहे.

अर्ध्या तासाचे एवढे महत्त्व का, ते आधी सांगायला हवे. प्रवासी घड्याळ म्हणजे एकाच तबकडीवर दोन ठिकाणची वेळ दाखवणारे घड्याळ. नेहमीचे काटे आपण जिथे आहोत तिथली वेळ दाखवतात आणि दिवसातून एकच फेरी मारणारा चौथा काटा घरची वेळ दाखवतो. १९५३ च्या ग्लायसीन एअरमनपासून आणि पॅन ॲम या अमेरिकी विमानकंपनीच्या वैमानिकांसाठी पुढे आलेल्या रोलेक्सच्या जीएमटी-मास्टरपासून ही घड्याळे लोकप्रिय झाली. पण ती बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पूर्ण तासांच्या फरकाने वागणारे देश होते. आपला देश १ जानेवारी १९०६ पासून ८२.५ अंश पूर्व रेखांशाची वेळ पाळतो, म्हणजे ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. चौथा काटा यंत्रात मिनिटकाट्याशी बांधलेला असतो. त्यामुळे लंडनमध्ये दहा वाजलेले असताना तो पंधरावर नाहीतर सोळावर असतो, साडेपंधरावर कधीच नसतो. जगातल्या सगळ्या वेळा एकाच तबकडीवर मांडणाऱ्या घड्याळांपैकी बहुतेकांनी तर आपला अर्धा तास सरळ गाळून टाकलेला असतो. व्हॅशेरॉन कॉन्स्टान्टिन या स्विस कंपनीने २०११ मध्ये ३७ कालविभाग दाखवणारे यंत्र आणले, त्यात अर्ध्या आणि पाव तासांचे प्रदेशही आहेत, पण ते घड्याळ निवृत्तिवेतनावर घेण्याचे नव्हे.

आमच्या ऐपतीतला उपाय म्हणजे ४८ टिचक्यांची बेझल. तिचे कडे प्रत्येक टिचकीला अर्ध्या तासाने सरकते, मग चौथा काटा पंधरावर असला तरी त्याच्यासमोर साडेपंधराची जागा आणता येते. मी ज्याच्या मागे होतो त्या आवृत्तीत ही सोय होती. शिवाय तिचे यंत्र संग्राहक ज्याला ‘फ्लायर’ म्हणतात त्या जातीचे होते: क्राउन, म्हणजे घड्याळाच्या कडेची चावी, मधल्या टप्प्यावर ओढला की सेकंदकाटा न थांबता फक्त स्थानिक तासकाटा एकेक तासाने पुढेमागे उडी मारतो आणि मध्यरात्र ओलांडली की तारीखही त्याच्यामागे जाते. स्वस्त यंत्रांत याच्या उलट असते. तिथे चौथा काटा हलतो आणि तासकाटा हलवायचा तर घड्याळ थांबवावे लागते. हे सगळे मला खरेदीच्या आधीपासून तोंडपाठ होते. फसवणुकीच्या गोष्टींत सहसा फसणाऱ्याला काही माहीत नसते, माझ्या बाबतीत तसे म्हणण्याचीही सोय नाही.

विक्रेता मला संग्राहकांच्या ओळखीतून मिळाला. त्याच्याकडून आमच्यातल्या दोघांनी आधी घड्याळे घेतली होती आणि ती ठीक निघाली होती. (ती दोन्ही साधी, पंधरा-वीस हजारांची होती, हे मी नंतर विचारले.) त्याने सव्वातीन लाख सांगितले, मी दोन नव्वदवर आणले आणि त्या घासाघिशीत आपण जिंकलो असे मला वाटले. आजच्या वर्तमानपत्रावर ठेवलेल्या घड्याळाचे छायाचित्र, मूळ पेटी, हमीपत्राचे कार्ड, कार्डावरचा आणि घड्याळाच्या पाठीवरचा जुळणारा क्रमांक, असे सगळे त्याने न मागता पाठवले. पन्नास हजार यूपीआयने विसार म्हणून आणि उरलेले एनईएफटीने द्यायचे ठरले. खाते त्याच्या मेहुण्याच्या नावावर होते, कारण त्याचे स्वतःचे म्हणे करतपासणीत अडकले होते. पक्के बिल मिळणार नव्हते, कारण घड्याळ नातेवाइकाने दुबईहून आणले होते. या दोन वाक्यांपैकी एकही मला तेव्हा खटकले नाही, उलट किंमत कमी का आहे याचा खुलासा झाला म्हणून बरेच वाटले.

दादरच्या एका उपाहारगृहात आम्ही भेटलो. मी आयुष्यभर मोजमापाची उपकरणे बनवणाऱ्या कारखान्यात काम केले आहे, त्यामुळे दहापटीचे भिंग खिशात घेऊनच गेलो होतो. पाठीवर लेझरने कोरलेला २१७/५०० हा आकडा मी भिंगाखाली धरला. कडा स्वच्छ, खोली सारखी, अक्षरांचे वळण कार्डावरच्यासारखे. खोट्या कोरीवकामात कडेला जो जळका खडबडीतपणा राहतो त्याचा मागमूस नव्हता. नसणारच, कारण ती पाठ खरीच होती. मला जे तपासता येत होते ते मी नीट तपासले आणि त्याला मी तेच तपासणार हे माहीत होते.

जे तपासायचे राहिले ते का राहिले, हा या प्रकरणाचा गाभा आहे. काचेवर, बेझलवर, क्राउनवर आणि पट्ट्याच्या कडीवर कारखान्यातून येते तशी पारदर्शक फिल्म चिकटवलेली होती. “सर, ही काढू नका. न वापरलेला नंबरवाला पीस आहे, फिल्म निघाली की पन्नास हजार गेले समजा,” असे तो म्हणाला आणि मी मान डोलावली. बेझल फिरवायची तर फिल्म फाडावी लागणार, क्राउन ओढायचा तरीही. घड्याळ हलवल्यावर चालू झाले, सेकंदकाटा फिरू लागला आणि तेवढ्यावर माझे समाधान झाले. सात दिवसांत परत घेण्याचे त्याने व्हॉट्सॲपवर लिहून दिले होते. ते सात दिवस घड्याळ पेटीत होते, पुढचे चार महिने बँकेच्या लॉकरमध्ये. प्रवासासाठी घडवलेली वस्तू तिचा आकडा जपण्यासाठी लोखंडी कपाटात ठेवणारा माणूस ती खरी की खोटी हे कसे ओळखणार, असे माझ्या पत्नीने नंतर एकदाच विचारले.

मुलीकडे बर्मिंगहॅमला जायचे ठरले तेव्हा मात्र राहवले नाही आणि निघण्याच्या आदल्या रात्री मी फिल्म काढली. विमानात बेझलचे तसे झाल्यावर मी ती एक पूर्ण फेरी फिरवून टिचक्या मोजल्या. चोवीस. मग क्राउन मधल्या टप्प्यावर ओढला. एका दिशेला फिरवल्यावर तारीख बदलली, दुसऱ्या दिशेला चौथ्या काट्याने उडी मारली, तासकाटा जागचा हलला नाही. यंत्र फ्लायर नव्हते. यानंतर शंकेला जागा नव्हती, तरी बिघाड असेल, आधीच्या मालकाने काही बदलले असेल, असे मी हीथ्रो येईपर्यंत स्वतःला समजावत राहिलो.

बर्मिंगहॅमला मुलीच्या फोनवर सेकंदकाट्याचे संथगतीने चित्रीकरण केले. ही युक्ती कोणालाही घरी करता येते, म्हणून तपशिलाने सांगतो. मूळ यंत्र तासाला २८,८०० ठोके देते, म्हणजे सेकंदाला आठ. फोन सेकंदाला २४० चौकटी टिपत असेल तर काट्याच्या दोन उड्यांमध्ये ३० चौकटी यायला हव्यात. मी एकेक चौकट पुढे सरकवत मोजले, तर दर वेळी ४० भरल्या. म्हणजे सेकंदाला सहा ठोके, तासाला २१,६००. स्वस्त यंत्रांची ती नेहमीची चाल आहे. नुसत्या डोळ्यांना सहा आणि आठ यांतला फरक दिसत नाही, दोन्ही काटे सारखेच सरकल्यासारखे वाटतात. मग घड्याळ पूर्ण चावी देऊन टेबलावर ठेवले. सत्तर तास चालायला हवे होते, ते दुसऱ्या रात्रीच बंद पडले.

परत आल्यावर ते पुण्यातल्या माझ्या जुन्या घड्याळजींकडे नेले, जे वडिलांचे एचएमटी जनता अजून चालते ठेवतात. त्यांनी पाठ उघडली, भिंग डोळ्याला लावले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “साहेब, पाठ खरी आहे, पोट दुसऱ्याचे आहे.” पाठीच्या आटेवर आणि घड्याळाच्या बाहेरच्या कवचाच्या आटेवर झीज सारखी नव्हती, म्हणजे ती दोन्ही एकमेकांची नव्हती. कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्रानेही तेच सांगितले: पाठ आणि कार्ड आमचे, बाकी काही आमचे नाही, आणि म्हणून आम्ही याला हात लावणार नाही. तो क्रमांक कोणाला विकला गेला होता हे त्यांनी सांगितले नाही, ते सांगणारही नव्हते.

मर्यादित आवृत्तीचा आकडा संपूर्ण घड्याळावर नसतो, तो फिरवून काढता येणाऱ्या एका चकतीवर असतो. हे मला माहीत होते आणि तरीही त्या चकतीलाच मी घड्याळ समजलो. एखादे खरे घड्याळ पाण्याने किंवा आपटून निकामी झाले की त्याची पाठ, पेटी आणि कार्ड हे तीन जिन्नस वेगळे विकले जातात, आणि ती तिन्ही मिळून एका नकली घड्याळाला कुळशील देतात. साध्या, क्रमांक नसलेल्या घड्याळाच्या पाठीला असा भाव नसता.

विकणाऱ्याने पहिल्या फोनला आश्चर्य व्यक्त केले, दुसऱ्या फोनला सात दिवसांची आठवण करून दिली आणि तिसऱ्याला आवाज बदलून म्हणाला, “सर, तुम्हीच आतला माल बदलून आणला असेल तर? मी दिलं तेव्हा चालू होतं ना?” या प्रश्नाला माझ्याकडे पुराव्यानिशी उत्तर नव्हते आणि अजून नाही. दादरला त्याच्यासमोर पाठ उघडून यंत्राचे एक छायाचित्र घेतले असते, किंवा फिल्म फाडून बेझलची एक फेरी फोनवर टिपली असती, तर ते असते. वकिलांच्या नोटिशीनंतर त्याने वीस-वीस हजारांचे दोन हप्ते परत केले आणि नंतर फोन बंद केला. ते चाळीस हजारही वेगळ्याच कोणाच्या खात्यातून आले.

१९३० या सायबर मदतक्रमांकावर मी तक्रार नोंदवली, पण तो मार्ग पैसे गेल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत खाते गोठवण्यासाठी उपयोगी पडतो, चार महिन्यांनी नव्हे. बँकेने, व्यवहार तुम्ही स्वतःच केला आहे, असे लेखी कळवले. पोलीस ठाण्यात अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि तीनच गोष्टी विचारल्या: बिल, विकणाऱ्याच्या नावाचे खाते, घड्याळ ताब्यात घेतल्याची पावती. तिन्ही नव्हत्या. आमची पिढी ज्याला चारसोवीस म्हणत आली ते आता भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आहे, त्याखाली गुन्हा नोंदवून घ्यायला तीन महिने आणि अनेक फेऱ्या लागल्या. मेहुणा म्हणून ज्याचे खाते दिले होते त्याने आपण विकणाऱ्याला ओळखतच नाही, खाते एका मित्राला वापरायला दिले होते, असा जबाब दिल्याचे मला सांगण्यात आले.

घड्याळ आता मुद्देमाल म्हणून लाखेची मोहोर लावलेल्या पाकिटात ठाण्यात जमा आहे. पेटी आणि कार्डही त्यासोबत आहेत, मात्र कार्डाची, पाठीची आणि पेटीची स्वच्छ छायाचित्रे विकणाऱ्याच्या फोनमध्ये आहेतच, आणि मला पाठवलेली छायाचित्रे त्याआधी आणखी कोणाला गेली नसतील याची खात्री देता येत नाही. त्या खऱ्या घड्याळाचे उरलेले अंग कुठे आहे हेही ठाऊक नाही, कदाचित त्याला याच क्रमांकाची नवी पाठ कोरून बसवलेली असेल. तेव्हा ४८ टिचक्यांच्या बेझलचे, पाठीवर २१७/५०० कोरलेले प्रवासी घड्याळ कोणी तुमच्यासमोर ठेवले, तर या क्रमांकाची कंपनीने बनवलेली पाठ पुण्याच्या एका पोलीस ठाण्यात आहे एवढे लक्षात ठेवा, आणि जमल्यास त्या माणसासमोरच फिल्म काढून बेझल फिरवून पाहा.