घरातल्या गप्पा की लवकर शाळा?
तीन वर्षांचं पोर शाळेत टाकायचं की घरीच ठेवायचं? घरी भाषा फुलते, म्हणजे कोणीतरी समोर बसून बोलतं, मूल शंभर प्रश्न विचारतं, उत्तर मिळतं, आणि हे टीव्ही लावून होत नाही बरं का. शाळेत आपली पाळी येईपर्यंत थांबायची सवय लागते.
अमेरिकेत मिशिगनला १९६२ मध्ये पेरी प्रीस्कूलचा प्रयोग सुरू झाला, १२३ गरीब मुलं, जवळपास निम्मी शाळेत नि बाकीची नाही, शाळेतल्यांचा आयक्यू आधी वाढला नि काही वर्षांत तो फरक पुसलाही गेला, पण मोठेपणी शिक्षण नि कमाई जास्त निघाली. गंमत म्हणजे तिथल्या टीचर दर आठवड्याला घरीही जायच्या, मग क्रेडिट कोणाला?
घरी बोलायला कोणालाच वेळ नसेल तर मी शाळाच निवडेन, फक्त अक्षरं गिरवून घेणारी नको.